शिवूची पाठ

माझं नाव क्रांती, आणि सासूबाईंच्या मते नाव ठेवणाऱ्यानं अगदी ओळखून ठेवलंय. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली मी, लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या या गावात आले, तेव्हापासून कुणाचं एक बोलणं फुकट जाऊ दिलं नाही. समोरून एक आलं की माझी दोन ठरलेली. नवरा, इंद्रजित, फौजेत. तो फोनवर म्हणायचा, "इकडं बॉर्डर शांत आहे, घरची कशी आहे?" घरात आम्ही तिघीच. मी, सासूबाई आणि माझी साडेचार वर्षांची शिवांजली. तिला सगळे शिवू म्हणतात. माझ्या तोंडाचं एवढं सांगतेय, कारण जिथं बोलायलाच पाहिजे होतं, तिथं नेमकी माझी दातखीळ बसली.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले. तिसरा महिना सरला तसं आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गावभर सांगायला सुरुवात केली. सांगायची त्यांची पद्धत एकच. शिवूला जवळ ओढायचं, तिच्या पाठीवरनं हात फिरवायचा आणि आलेल्या बाईला म्हणायचं, "हिच्या पाठीवर भाऊ हाय बघा औंदा." मग ती बाईही शिवूची पाठ कुरवाळायची, मानेवरचे केस बाजूला करून भोवरा बघायची. "व्हय की! पाठ लय चांगली हाय पोरीची."

"आत्या, पोट माझं आहे. पाठ तिची कशाला बघताय?" मी वैतागून म्हणायचे.

"तुझ्या पोटाचं काय बघायचं? खाऊन वाढलंय का पोरानं, काय कळतंय!" त्याही काही कमी नव्हत्या.

एकदा शिवूनं विचारलं, बाळ कुठनं येणार. "तुझ्या पाठीवर," आत्या म्हणाल्या. पोटात बाळ असतं वगैरे लहान पोरांपुढं बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. मीही काही बोलले नाही, कारण ते ऐकून पोरीनं मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायचा जो काही आटापिटा केला, त्यानं मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दप्तर पाठीला लावायचं सोडलं. अंगणवाडीला जाताना पोटावर अडकवायची. आंघोळीला पाठ घासू देईना. "हळू गं आई, तिथं बाळ बसनार हाय." भिंतीला टेकून बसेना. झोपायची ती पालथी, आणि झोपेत वळली तर दचकून जागी होऊन परत पालथी. मी शेजारच्या मंगलला बोलावून ही गंमत दाखवली. इंद्रजितला व्हिडिओ पाठवला. त्यानं तो बरॅकभर फिरवला म्हणे. सगळे हसले. पोरीला मांडीवर घेऊन 'बाळ इथं आहे, माझ्या पोटात' एवढं सांगायला मला काय धाड भरली होती, देव जाणे.

पाचवा लागला आणि माझ्या भावाचा, साईराजचा, साखरपुडा आला. सांगलीत, रविवारी. आत्या म्हणाल्या, "जाऊ नगं. एसटीत हिसकं बसत्यात. त्यात तू पोटात दुखतंय म्हनत हुतीस परवा."

"माझ्या भावाचा साखरपुडा आहे आत्या, तुमच्या म्हशीचा नाही."

"जा बाई, जा. मी म्हनलं हुतं, एवढं ध्यानात ठेव."

भांडून गेले. एसटीत आष्ट्यापर्यंत उभीच होते. साखरपुड्यात खुर्च्या काय उचलल्या, पाहुण्यांना ताटं काय वाढली, आई ओरडत होती तरी फिरतच राहिले. खरं सांगायचं तर मला कुणाला तरी दाखवायचं होतं, की बघा, काही होत नाही. सोमवारी परत आले ती ताठ मानेनं.

मंगळवारी सकाळी न्हाणीत डाग दिसला. लहानसाच, रुपयाएवढा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच खेपेला बजावलेलं, असलं काही दिसलं की असाल तशा निघून या. मी न्हाणीच्या दाराला धरून उभी राहिले. बाहेर आत्या म्हशीशी बोलत होत्या. आता जाऊन सांगायचं, तर त्या कमरेवर हात ठेवून म्हणणार, 'मी म्हनलं हुतं.' आणि ते एकदा म्हणून थांबायच्या नाहीत. जन्मभर म्हणतील, दिवाळीला म्हणतील, पोराच्या लग्नात म्हणतील. मी कपडा धुतला, आतल्या दोरीवर साडीखाली वाळत घातला आणि चुलीपाशी जाऊन बसले. बुधवारी परत दिसला. बुधवारीही मी भाकरी थापल्या, धुणं धुतलं. थांबेल, थांबेल, असं मनाला समजावत राहिले.

गुरुवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मंगलच्या नवऱ्यानं गाडी काढली. शिवूला मंगलकडं ठेवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डाग कधीपासून जातोय?"

खाटेच्या उशाला आत्या उभ्या होत्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मी म्हणाले, "आजच."

"होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही." माझ्या खोट्यावर त्यांनी केलेलं ते समाधान मी निमूट ऐकून घेतलं. पोरगा होता, हे नर्सनं आत्यांना हळूच सांगितलं. मला ते ऐकू आलं.

दोन दिवसांनी घरी आले. भेटायला बायका यायला लागल्या. आत्या उंबऱ्यात बसून प्रत्येकीला तेच सांगायच्या. "प्वार पडलं गं बाई. ल्योक हुता. बोटं सुदीक आल्याली." आणि रडायच्या. त्यांचं रडणं खरं होतं, त्यात मी खोट काढणार नाही. एकीनं विचारलं, "आनि पाठ चांगली हाय म्हनत हुतासा की पोरीची?"

"कशाची चांगली!" आत्यांनी दाराशी उभ्या असलेल्या शिवूकडं बघितलं. "हिची पाठच वंगाळ. हिच्या पाठीवर टिकत न्हाई."

मी आत खाटेवर होते, दार उघडं होतं. शिवूची पाठ माझ्याकडं होती, चिमुकली, फ्रॉकच्या दोन्ही गुंड्या तुटलेली. एरवी मी उठून असली जुंपली असती, की गल्ली गोळा झाली असती. पण तिची बाजू घ्यायची तर मग चूक कुणाची, हे आलं. मंगळवारचा डाग आला. बुधवारचा आला. मी भिंतीकडं तोंड केलं. मला माझी लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी गप्पच राहिले. नंतर ते वाक्य आणखी दोघी-तिघींपुढं झालं. तेव्हाही गप्पच.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी अंगणवाडी सुटून तास झाला तरी शिवू घरी नाही. आत्या गोठ्यात, मंगलकडं, देवळात बघून आल्या. मी तशीच, चक्कर येत असताना, रस्त्यापर्यंत गेले. शेवटी मंगलनंच तिला ओढत आणली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, गालांवर, हातांवर उसाच्या पानांचे ओरखडे. एकटी उसात शिरली होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी काही न विचारता तिच्या पाठीत धपाटा घातला. एक नाही, दोन.

ती रडली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तिथं पन न्हाई."

"काय नाही?"

"बाळ."

मंगल होती तिथंच थांबली. आत्या तांदूळ निवडायला बसत होत्या, त्यांचं ताट हातातच राहिलं.

"मी शाळंच्या वाटंवर बघितलं," शिवू सांगायला लागली. "गोठ्यात बघितलं. मंगलकाकूच्या खाटंखाली बघितलं. तिथंच मी उताणी झोपलेली, तवाच पडलं असंल. मला झोप लागली गं आई. मी मुद्दाम न्हाई झोपले." तिनं पालथ्या हातानं नाक पुसलं. "कुत्र्यानं न्हेलं असंल का?"

मी खाली बसले. तिला ओढून मांडीवर घ्यायला गेले, तर तिनं पाठ माझ्या हाताला लागू दिली नाही.

"आत्या," मी म्हणाले, "ताट ठेवा खाली. ऐका." मी माझ्या पोटावर हात ठेवला. "बाळ शिवूच्या पाठीवरनं पडलं नाही. ते माझ्या पोटात होतं. माझ्याकडनं पडलं. मला मंगळवारीच डाग गेला होता. बुधवारी परत गेला. मी सांगितलं नाही. तुम्ही बोलाल म्हणून."

"मंगळवारी?" आत्या म्हणाल्या.

"मंगळवारी."

मी वाट बघत होते, की आता येईल ते, 'मी म्हनलं हुतं.' त्यांनी ते म्हणावं म्हणून मी जवळजवळ देवाला साकडं घातलं. आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

शिवू माझ्या पोटाकडं बघत होती. मग तिनं चिखलाचा हात पुढं करून पोटावर ठेवला, रिकाम्या पिशवीत काही राहिलंय का बघावं तसं चाचपलं.

"हितं हुतं?"

"हो गं बाई. इथंच होतं."

"आनि पडायलंय हे तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"मग तू धरलं का न्हाईस?"

आत्याही माझ्याकडंच बघत होत्या.