तीस रेघांचं तोंड

पंधरवडा झाला, माझं तोंड डावीकडं वाकडं झालंय. सकाळी चूळ भरताना पाणी भलतीकडंच गेलं. शेजारच्या शाइस्तानं दारातूनच विचारलं, "भाभी, मुँह कू क्या हुआ?" आणि तशीच रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. लकवा, पण फक्त चेहऱ्याचा. गोळ्या घ्या, फुगे फुगवा, बरं होईल म्हणाले.

आमच्या ह्यांना मात्र पत्ताच नाही. मग मीही हट्टाला पेटले. आपण होऊन सांगायचंच नाही, बघू या बायकोचं तोंड ह्यांना कधी दिसतंय ते! चहा ओठातून ओघळला, तर म्हणाले, "नीट पी की." फुगे फुगवत बसले, तर विचारलं, "कुणाचा वाढदिवस गं?"

कारण साहेब टीव्ही बनवतायत. भिंतीवर भलामोठा आहे की हो! तो नाही, शंभर वर्षांपूर्वीचा, चाकाचा. पत्र्याच्या चकतीला गोल जिन्यासारखी तीस भोकं, मागं दिवा, आणि फिरवायला टेबलफॅनची मोटर. मे महिन्यात, सोलापुरात, फॅनची मोटर! चित्र येणार काडेपेटीएवढं, तेही नारिंगी, भोकागणिक एक अशा तीस रेघांचं.

परवा हाक आली, "ये गं, एक चेहरा पाहिजे." अंधाऱ्या खोलीत मला स्टुलावर बसवलं. चाकाच्या भोकांतून आलेला उजेडाचा ठिपका तोंडावरून पळायला लागला. हे पलीकडं चाकाला डोळा लावून बसले. मला वाटलं, आता तरी दिसेल.

"च्यायला, वाकडं येतंय!"

चाक खोललं. भोकं कानशीनं घासली. परत वाकडंच. दोन दिवस हेच चाललं. मी घामानं निथळत स्टुलावर, आणि हे स्क्रूड्रायव्हर घेऊन माझं तोंड सरळ करतायत!

शेवटी शाइस्ताला बसवलं. तिचं कसं सरळ आलं. मग हे उठले, ट्यूब लावली, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि लग्नात अंतरपाट बाजूला झाला होता त्यानंतर पहिल्यांदाच एवढं नीट बघितलं.

"अगं, तुझंच तोंड वाकडं आहे!"

"व्हय. पंधरा दिवस झाले."

शाइस्तानं ओढणी तोंडाला लावली. मला रडूच फुटलं. ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मग आधी सांगायचं की! दोन दिवस फुकट मशीन खोलत बसलो."