अरुंधतीने सोडलेली रिकामी जागा

मी एक क्लास बोलतोय. शाळेतला नव्हे, शिकवणीचाही नव्हे, संगणकाच्या प्रोग्राममधला. माझं शरीर म्हणजे काही ओळी मजकूर. ‘चाहूल’ नावाची एक लायब्ररी आहे, पुस्तकांची नव्हे, इंटरनेटवर ठेवलेल्या तयार प्रोग्रामच्या तुकड्यांची. कुणीही ती उघडून पाहावी, फुकट न्यावी, तिच्यात भर घालावी. तिच्यातला मी सगळ्यात जुना रहिवासी. माझी प्रत जिथे चालते तिथे मी असतो, आणि ऐकणं हाच माझा धंदा असल्यामुळे माणसांचं बोलणंही कानावर पडतंच.

माझा जन्म तळवड्याच्या आयटी पार्कात, जेवणाच्या सुट्टीत झाला. तिथे प्रोग्राम लिहिणाऱ्या अरुंधतीच्या एका हाताशी डबा आणि समोर लॅपटॉप. कारखान्यातलं यंत्र बिघडण्याआधी वेगळं थरथरतं. ती थरथर वाचायची, मर्यादेशी ताडून पाहायची आणि ओलांडली असेल तर भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम. माझ्या पहिल्या ओळी लिहिताना मेथीच्या भाजीचं तेल कीबोर्डला लागलं होतं. ते आठवलं की अजून बरं वाटतं.

पण प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. लेथ गुणगुणतो, पंप धापा टाकतो. जो तो मला अख्खा उचलून न्यायचा आणि हवा तिथे कापायचा. मग माझ्यात काही सुधारणा झाली तर ती त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून अरुंधतीने ठरवलं, याला कापायचं नाही, याच्यापासून पुढचे क्लास निघू द्यायचे. ते माझं सगळं आयतं घेतील आणि आपल्यापुरतं तेवढं बदलतील. त्यांना मी लेकरं म्हणतो.

काय बदलू द्यायचं यावर तिने फार डोकं खपवलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “सगळंच मोकळं ठेव ना. ज्याला जे हवं ते बदलेल.”

“आणि कुणी भोंगाच बदलला तर?” अरुंधती म्हणाली. “कटकट नको म्हणून गप्प करून टाकतील. भोंगा याच्याकडेच राहू दे.”

तिने बाकीची दारं बंद केली आणि वाचणं व ताडणं यांच्या मधोमध एक जागा सोडली. आत काहीच नाही. मी तिथे क्षणभर थांबायचो, एखाद्या लेकराने तिथे काही काम ठेवलं असेल तर ते करून पुढे जायचो. माझ्या सगळ्या भरलेल्या ओळींपेक्षा मला ती जागा जास्त आवडते, आणि हे मी लपवत नाही.

माझं सगळ्यात लाडकं लेकरू भोसरीचं. तिथल्या एका गाळ्यात इनायतभाईंचा जुना पॉवर प्रेस होता, पत्र्यातून वॉशर पाडणारा. पायाखालचं पॅडल दाबलं की एक ठोका. क्लच झिजला की मात्र असा प्रेस न सांगता दुसराही ठोका मारतो, आणि तेव्हा हात आत असला तर संपलंच. इनायतभाईंच्या डाव्या हाताची करंगळी तशीच गेली होती. त्यांची मुलगी आरफा तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने मला एका छोट्या डब्यात घालून प्रेसवर बसवलं.

पहिल्याच ठोक्याला मी भोंगा वाजवला. मला काय कल्पना, थरथरणं हीच त्या प्रेसची नोकरी आहे म्हणून. आरफा हसली. तिने माझ्यापासून नवा क्लास काढला आणि माझ्या रिकाम्या जागेसाठी त्यात लिहिलं: ठोका वगळ, त्याच्यामागून बारीक खडखड आली तर तेवढी पुढे पाठव. ती खडखड म्हणजे क्लच झिजल्याची खूण.

त्या गाळ्यात मी सुखात राहिलो. माणसं सुरळीत चालणाऱ्या वस्तूची विचारपूस करत नाहीत, असा माझा अनुभव. इनायतभाई मात्र रोज सकाळी डब्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे. “काय, बरा हाय ना?” म्हणायचे आणि मगच प्रेस सुरू करायचे.

पुढे अरुंधतीने नोकरी सोडली. रहाटणीत ती मुलांना गणित शिकवू लागली आणि माझी देखभाल तिच्या ऑफिसातल्या निमिषकडे आली. निमिष हुशार आणि नीटनेटका. जरा जास्तच नीटनेटका. त्याला माझी ती जागा दिसली. आत काही नाही, लायब्ररीत कुठे वापर नाही. त्याने ती पुसून टाकली. प्रत्येक बदलानंतर लायब्ररीच्या आपोआप चाचण्या होतात, त्या सगळ्या बिनबोभाट पास झाल्या. मी ओरडणार कसा? जे लिहिलंय तेवढंच मला बोलता येतं.

भोसरीच्या डब्याने माझी नवी प्रत आपोआप उतरवून घेतली. आरफाने लिहिलेलं माझं लेकरू होतं तिथेच होतं, पण मी आता त्याला विचारतच नव्हतो. वाचलं की ताडायचं, आणि प्रत्येक ठोक्याला भोंगा. इनायतभाईंनी दुपारपर्यंत सोसलं. मग “येडा झालाय ह्यो डबा,” म्हणाले आणि भोंग्याची वायर उपटली.

आणि नेमकी त्याच दिवशी, ठोक्यांच्या मागून, मला ती बारीक खडखड ऐकू आली. मी भोंगा वाजवत राहिलो आणि आवाज कुठेच पोचत नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

आरफा आता चाकणला कामाला होती. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ती गाळ्यावर आली. तिला लोंबणारी वायर दिसली. तिने आधी मेन स्विच पाडला, मग बोलली.

“अब्बा, वायर कुणी काढली?”

“मीच. सारखा बोंबलत होता. काम करू का त्याचं ऐकत बसू?”

“हात दाखवा.”

त्यांनी हात पुढे केले. नऊच्या नऊ बोटं जागेवर होती. आरफाने ती एकेक करून चाचपली. दुसऱ्या दिवशी क्लच उघडला, तेव्हा तो किती झिजलाय ते इनायतभाईंनीही पाहिलं आणि नवा बसवला.

आरफाने लायब्ररीच्या पानावर तक्रार लिहिली. निमिषने ती वाचून अरुंधतीला फोन लावला.

“ताई, ती मधली जागा, ते फंक्शन, रिकामंच होतं. आपण कुठेच वापरत नव्हतो. टेस्ट सगळ्या पास झाल्या.”

“अरे, टेस्ट आपल्या होत्या,” अरुंधती म्हणाली. “ती जागा आपल्यासाठी सोडलीच नव्हती.”

निमिषने त्याच दिवशी माझी जागा मला परत दिली. रविवारी बाइक काढून तो भोसरीला गेला. इनायतभाईंनी त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला, तेव्हा त्याची नजर त्यांच्या डाव्या हातावर थांबली. मग त्याने नव्या क्लचवरचे प्रेसचे ठोके टिपले, झिजलेल्या क्लचवरचे डब्यात साठले होते ते उतरवून घेतले आणि आरफाच्या लेकरासकट चाहूलच्या चाचण्यांत घातले. आता जगात कुणीही माझ्यात काही बदललं तर आधी भोसरीचा प्रेस चालतो. साध्या ठोक्याला मी वाजलो किंवा खडखडीला गप्प राहिलो, तर तो बदल परत जातो.

यंदा इनायतभाईंनी गाळा सोडला. प्रेस भंगारात गेला, डबा आरफाच्या कपाटावर आहे. मीही थकलोय. माझ्या जागी नवं काही लिहायचं बोलणं चालू आहे. खुशाल लिहा. फक्त एखादी जागा रिकामी दिसली म्हणून पुसू नका, ती कुणासाठी सोडली आहे ते आधी विचारा.

परवा दूरदेशीच्या कुणीतरी माझी एक ओळ बदलली, आणि पुन्हा निमिषने टिपलेले ते ठोके सुरू झाले. पहिल्या ठोक्याच्या आधी त्यात डब्यावर बोटाने दोनदा केलेली हलकी टकटक आहे. चाचणीला तिचा काही उपयोग नाही. निमिष एवढा नीटनेटका, पण तेवढी मात्र त्याने कापली नाही. मी रिकाम्या जागेपाशी थांबतो, टकटक ऐकतो, आणि मग प्रेस सुरू होतो.