डाव्या हाताची पाच वर्षं

मी एक जुनी, पाऱ्याची बीपी मशीन आहे. हिंगणघाटात डॉक्टर प्रभाकररावांच्या दवाखान्यात टेबलाच्या कडेला माझी जागा आहे. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगताना आधी जन्म सांगतात, मग काम, मग कौतुक, मग म्हातारपण. मीही तसंच ठरवलं होतं. पण मधेच एक डावा हात येतो. तो आला की माझ्याकडून क्रम पाळला जात नाही.

जन्म.

पत्र्याची पेटी, काचेची नळी, तळाशी पारा. कारखान्यातल्या बाईंनी मला तीनदा तपासलं आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली: बिनचूक. त्या शब्दाचा मला पुढे फार गर्व झाला.

काम.

दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबतात, पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडतात. कोपराच्या खळगीत ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, ऐकू येईनासे होतात तो खालचा. दवाखाना अरुंद आहे. रुग्णाची खुर्ची उजव्या बाजूनं भिंतीला टेकलेली आणि माझी नळी आखूड. त्यामुळे जो बसेल त्याचा डावा हात. अठ्ठावीस वर्षं डावाच. बहुतेक माणसांचे दोन्ही हात जवळपास सारखंच सांगतात, म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

कौतुक.

(हा भाग मी कोरा ठेवते.)

हर्षित जवळच्या वडनेर गावचा. आईवडील वांगी-टमाटे पिकवतात आणि आई, धुरपताबाई, इथल्या बाजारात विकते. हर्षित शाळेची बस चालवायचा. गाडी चालवायला तब्येत ठीक असल्याचा कागद दरवर्षी लागायचा, तो आमचे डॉक्टर द्यायचे. पाच वर्षं तो आला. पाच वर्षं त्याच खुर्चीत बसला.

पहिल्या वर्षी ११२/७४. दुसऱ्या वर्षी ११०/७४.

"ड्रायव्हर साहेब, गाडीपेक्षा तुझंच इंजिन मस्त आहे," डॉक्टर म्हणायचे.

"इंजिन मस्त आहे, पण टप गरम होते, डॉक्टर साहेब. दुपारून डोकं ठणकते. अन् जिना चढलो का पिंडऱ्या भरून येतात."

"ऊन आहे बापा. पाणी पेजो."

तिसऱ्या वर्षी ११२/७२. मित्रांनो, आता लाजेची गोष्ट. त्याच्या हातातला ठोका फार बारीक यायचा. भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. मला ते जाणवत होतं. पट्टा ढिला असेल, असं मी मनाशी म्हटलं. मला बिनचूक राहायचं होतं, आणि आकडा तर बरोबरच होता.

चौथ्या वर्षी डॉक्टरांना ताप होता. त्यांची मुलगी नमिता त्यांच्या जागी बसली. ती तोवर हृदयाची डॉक्टर झालेली होती. तिनंही पट्टा डाव्या हाताला बांधला. ११२/७४. सही केली.

त्यानंतर नमिता आणखी दोन वर्षं शिकायला दूरच्या मोठ्या रुग्णालयात गेली. हे शिक्षण जरा वेगळं आहे. काही बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात. लहानपणी त्यांचं ऑपरेशन होतं, ती वाचतात, शाळेत जातात, मोठी होतात. पण दुरुस्त केलेलं हृदय कायमचं नवं होत नाही. त्याच्याकडे जन्मभर पाहावं लागतं. अशा मोठ्या झालेल्या माणसांना सांभाळायचं, एवढंच ती तिथे शिकत होती. तिच्या शिक्षिका म्हणायच्या, आपला आजार विसरलेली माणसं समोर येतील. आधी त्यांचे दोन्ही हात हातात घ्या, मग बोला.

पाचव्या वर्षी हर्षित आला तेव्हा नमिता चार दिवसांच्या सुट्टीवर घरी होती. बाजार आटोपून धुरपताबाईही सोबत आली होती. डॉक्टरांसाठी तिनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणली होती. डॉक्टरांनी पट्टा उचलला.

"बाबा, थांबा जरा."

नमितानं हर्षितची दोन्ही मनगटं एकदम धरली.

"ताई, भविष्य पाहून राह्यल्या का?"

"पाहून राह्यली. गप बस जरा."

ती बराच वेळ तशीच उभी होती. "बाबा, याची उजवी नाडी बोटाला ढकलते आहे. डावी शोधावी लागते."

"अगं, दरवर्षी पाहतो मी त्याला."

"हर्षित, लहानपणी ऑपरेशन झालं होतं?"

"नाई बाई," उत्तर धुरपताबाईनं दिलं, फार घाईनं. "काईच नाई."

"शर्ट काढ."

डाव्या खांद्याच्या हाडाखालून कुशीपर्यंत एक लांब, फिकट व्रण होता.

"हे कशाचं?"

"लहानपणी भाजला होता," धुरपताबाई म्हणाली.

हर्षित मागे वळला. "मले तं सांगतलं होतं का मी झाडावरून पडलतो."

 धुरपताबाईनं हातातली जुडी मांडीवर ठेवली आणि तिची पानं नीट करू लागली.

"दोन महिन्याचा होता," ती त्या पानांकडे बघत म्हणाली. "नागपूरले नेलतं. छातीतली मोठी नस एका जागी बारीक होती म्हणे. डॉक्टरनं सांगतलं, दरसाल आणजो. दोन साल नेलं. मंग चांगला धावाले लागला. हृदयाचं पोरगं म्हणून नाव पडलं असतं तं कामावर कोण ठेवलं असतं याले? पोरगी कोण दिली असती? म्हणून मी कोणालेच बोलली नाई. यालेही नाई."

नमितानं सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या काळी डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी कापून तिचंच ठिगळ त्या अरुंद जागेला लावायचे. पुढे त्या हाताला रक्त आडवाटेनं, कमी जोरानं मिळतं. ऑपरेशन झालेल्या माणसाचा खरा दाब त्या हाताला विचारायचाच नसतो.

तिनं खुर्ची भिंतीपासून ओढली. पट्टा उजव्या हाताला.

१४०. नाडी चालू.

१६०. चालू.

१८०. चालूच.

२००. थांबली.

हवा सोडली आणि १९४ वर ठोका आला. पट्ट्याला धक्का देणारा, मोठा. त्या शरीराचा खरा आवाज पाच वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मग पट्टा पोटरीवर बांधला. पायाचा आकडा हाताइतका तरी हवा, तिथे जेमतेम १०८. म्हणजे छातीतल्या नसेची ती जागा पुन्हा अरुंद झाली होती.

"म्हणजे चार साल मशीन खोटी बोलून राह्यली होती?" हर्षितनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाले असते तर सगळे सुटले असते. मीही, एका परीनं; लपवलेल्या बारीक ठोक्याची शिक्षा तरी मिळाली असती.

"मशीन नाई बापा. दुसरा हात मी कधी मागितलाच नाई."

"मागच्या वर्षीची सही माझी आहे," नमिता म्हणाली. "गाडी चालवताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती?"

हर्षित शर्टाची बटणं लावत होता. त्याचे हात थांबले. "एकडाव. नाल्याच्या पुलापाशी. गाडी बाजूले लावून बसलतो पाच मिनिटं. लेकरं म्हणे, काका काऊन थांबले? मी म्हटलं, बैल आडवा आला." त्यानं शेवटचं बटण लावलं. "पस्तीस लेकरं होते गाडीत."

कागद त्यानं मागितला नाही. डॉक्टरांनी दिलाही नाही.

नमिता त्याला आपल्यासोबत त्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे मांडीच्या नसेतून तार घालून त्या जागी जाळी बसवली, रस्ता मोकळा केला. ते बरं झालं. पण इतकी वर्षं जोर लावून हृदयाची भिंत जाड झाली आहे. ती पुन्हा पहिल्यासारखी होईलच, असं कुणी म्हटलं नाही. गोळ्या कायमच्या आहेत. बस आता दुसरा चालवतो. हर्षित बसच्या दारात उभा राहून मुलं चढवतो-उतरवतो.

नमिताच्या रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरांना आपापले रुग्ण सगळ्यांपुढे मांडावे लागतात. नमितानं हर्षितबद्दल सांगितलं. तिच्या शिक्षिकांनी विचारलं, मागच्या वर्षी याला कुणी पाहिलं होतं? "मी म्हटलं, मीच," असं ती फोनवर वडिलांना सांगत होती. फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला.   त्यानंतरही बराच वेळ दोघांपैकी कुणी फोन ठेवला नाही.

तीन महिन्यांनी हर्षित आला. डॉक्टर उठायच्या आत त्यानं खुर्ची स्वतः ओढली आणि उजवी बाही वर केली.

"याले विचारा, डॉक्टर साहेब. हा लपवत नाई."

तो हसला. दारात उभ्या असलेल्या धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. मी १३२ वर थांबले. चांगला आकडा होता. पण कुणी मला चांगली म्हणू नये असं वाटत होतं.

म्हातारपण.

आता पाऱ्याच्या मशीन कुणी घेत नाही. मलाही लवकरच काढतील. त्याचं मला दुःख नाही. दुःख याचं आहे की डाव्या हाताच्या माझ्या चारही आकड्यांत चूक सापडत नाही, आणि त्या बरोबर आकड्यांच्या भरवशावर एक माणूस पस्तीस मुलांना घेऊन रोज पूल ओलांडत होता.

मित्रांनो, यंत्र ज्या हाताला बांधाल त्या हाताचंच सांगतं. मोठे झालात आणि कुणाला तपासायची वेळ आली, तर दुसरा हातही मागा. आणि त्याआधी एक काम आजच करा. तुमच्या अंगावर एखादा जुना व्रण असेल, आणि तो कशाचा हे घरात एकदा एक आणि एकदा भलतंच सांगितलं गेलं असेल, तर आईजवळ बसा. रागावू नका. तिचा हात धरा, आणि पुन्हा विचारा.