नाववालीचा शेवटचा भाग

"हलू नकोस! तिथंच धर! हां... तस्साच धर! बोलू पण नकोस!"

वडील जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गच्चीच्या जिन्यातून वर येणारा त्यांचा तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. बोलू पण नकोस! जणू पोरगी बोलली की खाली टीव्हीतलं चित्र घाबरून पळूनच जाणार होतं.

आता दादाच्या इमारतीचे चार मजले चढतानाही तो आवाज तिच्या मागोमाग चढत होता. लिफ्ट बंद. खांद्याला कपबशांची जड पिशवी, कारण सकाळीच वहिनीचा फोन आला होता. "येताना तुमच्याकडच्या कपबशा आणाल ना, वन्सं? माणसं जास्त आहेत. आणि जरा लवकर या हं." लवकर या म्हणजे काय, हे कळायला तिला कुणाची शिकवणी नको होती. लवकर या म्हणजे चहाचं तुम्ही बघा.

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर चाचपायची, सुई घालायची. तिथल्या बाकीच्या पोरी सवयीनं म्हणायच्या, "हलू नका हं." तिच्या तोंडून मात्र ते शब्द कधी निघाले नव्हते. ती म्हणायची, "मूठ आवळा... आता सोडा सैल. झालं बघा." लोक म्हणत, तुमचा हात हलका आहे. हात हलका होता, पण आज डोकं तापलेलं होतं.

दादानं नातेवाइकांना आणि जुन्या गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं ते 'नाववाली' बघायला. त्यांच्या लहानपणी ती मालिका आठवड्यातून एकदा टीव्हीवर लागायची. एक बाई एकटीच नाव चालवते, प्रत्येक वेळी एक नवा उतारू पलीकडच्या तीराला पोचवते, आणि तिचं स्वतःचं घर कुठल्या तीरावर आहे ते काही केल्या कळत नाही. सगळी गल्ली त्या बाईपायी वेडी झाली होती आणि त्यांच्याच घरी येऊन चटईवर बसायची. पुढे म्हणे त्या टेपांवर दुसरंच काहीबाही चढवलं, आणि मालिका कायमची पुसली गेली. आता दादाच्या मित्राच्या कुणा मित्राकडे, जो पूर्वी टीव्हीच्या केंद्रात होता, शेवटचा भाग सापडला. तेवढा एकच. मित्रानं तो पेनड्राइव्हवर घालून दिला, आणि दादाला आकाश ठेंगणं झालं.

दादाला हल्ली एक नाद लागला होता. 'आमचं बालपण' म्हणून तो मोबाइलवर व्हिडिओ करून टाकायचा. लोक खाली बदाम टाकायचे, डोळे पुसणारी तोंडं टाकायचे. परवाच्या व्हिडिओत त्यानं गळा दाटून सांगितलं होतं, "आम्ही सगळी भावंडं एका चटईवर, एकमेकांना चिकटून 'नाववाली' बघायचो. काय ते दिवस!"

सगळी भावंडं! भावंडं होती किती? दोन. आणि त्यातलं एक गच्चीवर होतं.

तो व्हिडिओ बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

झालं होतं ते असं. गच्चीवर अँटेनाचा खांब ज्या लोखंडी पट्टीनं कठड्याला आवळला होता, ती पट्टी तुटलेली होती. दुपारचं एक वेळ चालून जायचं. दुपारी मिशावाला बाहुला यायचा, बेरजा शिकवायचा. तो तिनं डोळे भरून पाहिला होता. बाहुला येण्याआधी पडद्यावर नुसती गोल नक्षी आणि टूंऽऽ असा आवाज असायचा; तीसुद्धा ती मांडी घालून बघायची. काय सांगावं, त्यातूनही एखादवेळी काही निघायचं! पण संध्याकाळी वारा सुटला की खांब गर्रकन फिरायचा आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. 'नाववाली' नेमकी संध्याकाळी. मग खांब धरणार कोण? वडील दमून आलेले. आईला स्वयंपाक. दादाला अभ्यास. अभ्यास असलेला दादा टीव्हीसमोर पाय पसरून कसा, हे विचारायची सोय नव्हती. राहिली ती.

दोन्ही हातांनी खांब कवटाळून ती उभी राहायची. जिन्यातून सगळ्यांचा मिळून ओरडा यायचा, "आलं! आलं!" हात अवघडून खांब तसूभर सरकला की लगेच, "गेलं! गेलं! ए खांबू, झोपलीस का?"

खांबू हे नाव दादानंच पाडलेलं. आता त्याची कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा तिला खांबूआत्या म्हणायची. लहानपणी फार उंच होती म्हणून खांबू, असं दादानं मुलीला सांगून ठेवलं होतं. उंच! शाळेत बाई तिला पहिल्या बाकावर बसवायच्या, मागून फळा दिसत नाही म्हणून.

'नाववाली' तिनं पाहिली नाही, ऐकली. वल्ह्याची करकर, पाण्याची चुबुकचुबुक, आणि त्या बाईचा जाडसर आवाज, "बसा सांभाळून." भाग संपला की ती बधिर झालेले हात चोळत स्वयंपाकघरात जायची. आई विचारायची, "आज नावेत कोण होतं गं?"

"म्हातारा होता. खोकत होता सारखा."

"हो का? मला वाटलं, बाईच खोकतेय."

मग मायलेकी आवाजांना चेहरे लावत बसायच्या. नाववालीला त्यांनी रुंद कपाळ दिलं होतं आणि हनुवटीवर तीळ. आईलाही स्वयंपाकघरातून काही दिसत नसणार, असं तिनं धरूनच चाललं होतं. 'नाववाली' चालू असताना आई नेमकी कुठे बसते, हे बघायला ती कधी खाली नव्हतीच, तर तिला कळणार कसं?

शेवटच्या भागाला वारा नुसता पिसाळला होता. हात खांद्यातून निखळतील असं वाटत होतं. खाली टाळ्या वाजल्या, कुणी रडलं, कुणी शिट्टी मारली. ती खाली आली तर जो तो डोळे पुसत आपापल्या घरी निघालेला. आईनं हळूच विचारलं, "पोचली का गं ती तिच्या घरी?"

"काय माहीत. सगळे नुसते टाळ्या पिटत होते."

"जाऊ दे. पुन्हा दाखवतील कधीतरी. तेव्हा दोघी मिळून बघू."

"शप्पत, मी पण तुझ्याशिवाय बघणार नाही," ती म्हणाली होती. रागानं, नाक ओढत.

आणि पुढच्याच महिन्यात वडिलांना मॅच बघायची होती. मॅचच्या आदल्या दिवशी वेल्डर आला. चहा प्यायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढाही पट्टी जोडायला लागला नाही.

आई आता तिच्याकडेच राहायची. "आईला नको आणूस," दादानं फोनवर बजावलं होतं. "चार मजले आहेत. आणि तिला आता कुठे काय कळतंय? मधेमधे विचारत बसते, सगळ्यांचा विरस होतो." आईला कळत नाही! डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नव्हती. तिनं रागारागानं ठरवलं होतं, जायचंच नाही. पण आईनंच तिला उठवलं. "जा गं. मला जिने नाही जमायचे. लहानपणीच्या बोलण्याचं काय धरून बसतेस? बघून ये, आणि मला सांग. तीळ आहे का तेवढं नीट बघ."

म्हणून ती आली होती.

दार उघडल्या उघडल्या वहिनी म्हणाली, "आलात का, वन्सं? सुटले मी बाई! आधण ठेवलंय."

आणि आतून दादा ओरडला, "खांबू आली रे! आता चित्र एकदम स्वच्छ येणार!"

"का? आत्या टीव्ही दुरुस्त करते की काय?" भाचीनं विचारलं.

"ती आमच्या जुन्या घरातली गंमत आहे," दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

कपबशांची पिशवी तिनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. बाहेर आली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली.

"चहा...?" वहिनी दारातून म्हणाली.

"नंतर घेऊ ना, वहिनी. मी आधी बघते." तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. वहिनीच्या भुवया मात्र कपाळावर चढल्या.

दादा भिंतीएवढ्या टीव्हीच्या बाजूला उभा राहिला. भाचीनं मोबाइल धरला होता. दादानं घसा खाकरला आणि सुरुवात केली, चटई, चिकटून बसणं, ते दिवस. ती मांडीवर हात आवळून ऐकत होती. जे लोक तेव्हा खरोखर चटईवर बसलेले होते ते माना डोलावत होते. त्यांचं काय जात होतं?

"आणि आजी कुठे बसायची, बाबा?" भाचीनं मोबाइलमागून विचारलं.

"आजी? आजीची तर वेगळीच तऱ्हा!" दादाला चेवच आला. "स्वयंपाकघराच्या दारात बसायची. मान वळवली की अख्खा टीव्ही दिसेल अशी. पण बसायची पाठ करून! बाबा म्हणायचे, अगं वळ, बघ जरा. नाही म्हणजे नाही! नेमच धरला होता म्हण ना. म्हणायची, पोरगी खाली आली की बघेन."

सगळे हसले. एक चुलतभाऊ म्हणाला, "हो रे, हो! काकूची ती पाठ मला अजून आठवते."

भाची हसली नाही. "कुठली पोरगी? कुठून खाली?"

दादानं जीभ चावली. "अगं ते... अँटेना जरा हलायची. तर खांबू कधीतरी वर जायची, धरायला."

"कधीतरी?" ती म्हणाली.

"बरं, बऱ्याचदा."

"दर वेळी, दादा. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत."

"अगं, लहान होतो आपण! आता काय त्याचं? आज आणलंय ना मी तुझ्यासाठी? मग बघ की सुखानं!" आणि व्हिडिओ बिघडायला नको म्हणून त्यानं घाईघाईनं रिमोटचं बटण दाबलं.

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. दारात. पाठ करून. वर्षानुवर्षं तिनं आईच्या शेजारी बसून आवाजांना चेहरे लावले, आणि आईनं एका अक्षरानं सांगितलं नाही की मला दिसत होतं, मी बघत नव्हते. या खोलीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ते ठाऊक होतं. ज्यांनी चित्र पाहिलं त्यांनी ती पाठही पाहिली होती, आणि एकालाही वाटलं नव्हतं की उठावं, जिना चढावं, म्हणावं, चल गं, थोडा वेळ मी धरतो. इतकी वर्षं सांभाळून ठेवली ती गोष्ट, आणि सांगितली कशी, तर हसू यावं म्हणून!

पडद्यावर पाणी आलं. काळंपांढरं, जरा थरथरणारं. मग नावेचं टोक. मग ती करकर. अगदी तीच! तिच्या दंडांतून कळ गेली. नावेत एक बाई पाठमोरी उभी होती, पदर खोचलेला, खांदे रुंद. किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारली, आणि बाई मागे वळायला लागली.

ती उठली. चेहरा दिसायच्या आत तिनं मान खाली घातली, टीव्हीच्या कडेला हात घातला आणि पेनड्राइव्ह उपटून काढला.

"गेलं! गेलं!" अख्खी खोली ओरडली. पिकलेल्या केसांची, जाड चष्म्यांची माणसं, पण ओरडा तोच.

"ए, काय करतेस? वेड लागलंय का तुला?" दादा पुढे धावला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, पण दादा होता तिथंच थांबला. ती सगळ्यांकडे वळली. "कुणी हलू नका. तिथंच बसा. बोलू पण नका."

वहिनीच्या हातात रिकामा ट्रे तसाच राहिला.

"आईचं बघून झालं की परत आणून देईन," ती दादाला म्हणाली. "आम्ही दोघींनी अजून पाहिलेलं नाही. आणि हिला सांग, मला खांबू का म्हणतात ते. मी सांगत बसले तर उगाच माझा तोल जाईल."

भाचीनं मोबाइल कधीच खाली केला होता. तिनं उठून दार उघडून धरलं. "आत्या, मी येऊ सोडायला?"

"नको गं. जवळच तर आहे."

ती जिना उतरू लागली. वरून कठड्यावर वाकून दादा ओरडला, "अगं, निदान कॉपी तरी करून घेऊ दे! माणसं काय म्हणतील?" जिन्यातून खाली येणारा तो आवाज थेट वडिलांसारखा होता. तिनं वर पाहिलं नाही. खालच्या मजल्यावर आल्यावर कपबशा आठवल्या. राहू देत. धुवायला तिथं माणसं होती.

रस्त्यावर उन्हं अजून होती. तिनं मूठ उघडून पेनड्राइव्ह एकदा पाहिला, पुन्हा मिटली आणि घराच्या दिशेला वळली. आईची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून असते, उजेडाकडे पेपर धरता यावा म्हणून. पोचल्यावर आधी ती फिरवून ठेवायला हवी होती.