आत जायचे की बाहेर

मी एक जुना भोंगा आहे. डहाणू तालुक्यात कैनाड गावाच्या पुढे एका पाड्यावर, शाळेच्या छपरावर माझे बिऱ्हाड आहे. मित्रांनो, माझा आवाज तुम्ही ऐकला नाहीत, हे बरेच झाले.

दक्षिणेला समुद्रकाठी एक अणुवीज केंद्र आहे. तेही जुने, माझ्याहून कितीतरी जुने. तिथे काही बिघडले तर पाड्याला सावध करायचे, एवढ्यासाठी मला २०१४ साली इथे आणले. आणले तेव्हाच मी दुसरीकडून काढलेला होतो, पण नवा रंग फासल्यावर कोण विचारतो?

दरवर्षी सराव व्हायचा. मी वाजलो की सगळ्यांनी घरात शिरायचे आणि दारे-खिडक्या लावायच्या, म्हणजे बाहेरची विषारी धूळ आत येणार नाही. पाड्यावरच्या देवजीची बायको जिवली सगळ्यांच्या आधी आत असे. साहेबांनी चारचौघांत तिचे कौतुक केले, तेव्हा ती पदराआड हसली. मीही फुगलो होतो, खोटे कशाला सांगू.

मग सराव थांबले. पावसापाण्याने माझ्या तारा कुजल्या. वर चढून कोणी पाहिले नाही.

२०१८च्या नोव्हेंबरात डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. आता वेगळे साहेब आले आणि सांगू लागले, हादरा बसला की घराबाहेर पळा. शाळेच्या अंगणात सभा झाली. केंद्र एवढे जुने, वर हे धक्के, ते बंद करा, असे काही जण म्हणाले. पाड्यावरचा विनोद त्या केंद्रातच कंत्राटावर कामाला होता. तो म्हणाला, "बंद केलं तर आमी खायाचा काय?" त्याचेही खोटे नव्हते. देवजीने मात्र एकच विचारले, "साहेब, जमीन हालली अन् भोंगा पण वाजला, तं आमी आत जायाचा का भायेर?"

साहेब हसले. "दोन्ही एकदम कशाला होईल?"

फेब्रुवारीत एका दुपारी मोठा हादरा बसला. सगळे बाहेर आले, जिवलीही आली. त्या हादऱ्याने माझ्या कुजक्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि मी आपोआप वाजू लागलो. केंद्रात काहीच झाले नव्हते. मला थांबायचे होते, पण थांबता येईना. लोक घुटमळले. जिवली घुटमळली नाही. देवजीने हात धरला, तर म्हणाली, "भोंगा वाजते ना, आत चला." हात सोडवून ती घरात शिरली. खिडकी लावत असताना दुसरा धक्का आला आणि विटांची भिंत तिच्या अंगावर पडली.

अख्ख्या पाड्यात माझे तिनेच ऐकले.

चौकशी झाली. केंद्र सुरक्षित आहे, असे कागदावर आले, आणि ते खरेच होते. माझी तार तोडली. देवजीला उत्तर मात्र अजून कोणी दिलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आम्ही जुनी मंडळी नेहमी सांगतो. मी तसे सांगणार नाही. ज्या वस्तूंच्या भरवशावर माणसे जगतात, त्या वेळेवर तपासा, आणि थकल्या असतील तर खाली उतरवा. मला तरी उतरवा. जिवलीमागे राहिलेली तिची लेक कमळी पहिलीत आहे. त्या दुपारी ती शाळेतच होती, मी तिच्या डोक्यावर वाजत होतो. आता रोज सकाळी दोन्ही कान घट्ट दाबून ती माझ्याखालून पळते. बाळ, मी आता वाजत नाही, हे तिला मी कसे सांगू?