पिवळी म्हणजे जपून जा

"अगं थांब! तिथंच थांब! नाही, थांबू नकोस, बाहेर ये, आधी बाहेर ये!"

पट्टीमामा इतक्या जोरात ओरडले की त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. समोर त्यांची सून डाव्या हातात नमुन्याची बाटली धरून, उजव्या हाताने पिवळी-काळी पट्टी डोक्यावरून अलगद वर उचलून, वाकून बाहेर येत होती. तिच्या मागे पाइपांच्या गर्दीत लाल दिवा गरगर फिरत होता. तो दिवा फिरतो म्हणजे काय, हे त्या कारखान्यात ज्या चार-सहा जणांना नीट ठाऊक होतं, त्यांत मामा एक. दिवा फिरतो म्हणजे पाइपांच्या जोडांचा एक्स-रे काढणाऱ्या माणसाने आपल्या जड पेटीतला तो तांदळाएवढा दाणा बाहेर काढलेला असतो. त्या दाण्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि ते लोखंडातून आरपार जातं.

"काय झालं बाबा? जेवला नाहीत अजून?" सून हसत म्हणाली. पट्टी तिने हळूच सोडली, सैल पडणार नाही अशी नीट केली आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं.

मामांच्या हातात जांभळ्या-पिवळ्या पट्टीचं नवंकोरं भेंडोळं होतं. ते हातातून निसटलं आणि घरंगळत गटारीच्या जाळीपर्यंत गेलं.

मामांना कारखान्यात नावाने कुणी ओळखत नसे. तेवीस वर्षं ते पट्ट्या बांधत होते. कुठे खड्डा खणला, कुठे तेल सांडलं, कुठे वरच्या मजल्यावर वेल्डिंग निघालं, की मामांना बोलावणं यायचं आणि मामा खांद्यावरच्या पिशवीतून भेंडोळं काढत हजर व्हायचे. लोक चेष्टा करायचे. मामा घरी ताटाभोवतीही पट्टी बांधून जेवायला बसतात, असं कॅन्टीनमध्ये एकाने सांगितलं होतं आणि ते सगळ्यांनी खरं मानलं होतं. मामाही रागवायचे नाहीत. एका गोष्टीचा मात्र त्यांना खरोखर राग यायचा. लोक पट्टी बघायचे, पण रंग बघायचे नाहीत. भित्रा असला तर कुठलीही पट्टी बघून लांबून वळसा घालायचा, आणि आळशी असला तर कुठलीही पट्टी खुशाल ओलांडून जायचा. इतक्या वर्षांत रंग वाचणारा एक माणूस त्यांना भेटला नव्हता.

मग दीड वर्षापूर्वी सून घरात आली आणि त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला लागली. मामांना विद्यार्थिनी मिळाली. जेवताना ते विचारायचे, "लाल-पांढरी?"

"जायचंच नाही. मोठे साहेब चल म्हणाले तरी नाही."

"हिरवी-पांढरी?"

"इथं मदत मिळते. औषधाची पेटी, डोळे धुवायचा नळ. वाट अडवायची नाही."

"पिवळी-काळी?"

"धोका आहे, पण काम असेल तर जपून जायचं. खाली बघत, कठड्याला धरून."

"आणि जांभळी-पिवळी?"

"जे दिसत नाही ते आहे. उलट्या पावली पळायचं."

"शंभरपैकी शंभर!" मामा म्हणायचे. मामी आमटी वाढता वाढता वैतागायच्या. "अहो, पोरगी लग्न होऊन आलीय की भरती होऊन?" सून तोंडाला पदर लावून हसायची. पण लक्षात मात्र सगळं ठेवायची.

आज तेच नडलं. दुसरी कुणी असती तर पट्टी बघून मागे फिरली असती. ही रंग वाचून, कठड्याला धरून, जपून आत गेली.

एक्स-रेचं काम जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता ठरलं होतं, कारण तेव्हा तो भाग जवळजवळ रिकामा असतो. मामा साडेबाराला पोचले आणि पिशवीत हात घातला तर जांभळं भेंडोळं संपलेलं. तोवर कुणी भलतं आत जाऊ नये म्हणून त्यांनी हाताला आली ती पिवळी-काळी बांधली. धोक्याची पाटी एकच होती, ती रस्त्याच्या बाजूला लावली. लॅबचं माणूस एकला पाइपातल्या रसायनाचा नमुना घ्यायला येतं, म्हणून त्या बाजूला मामांनी स्वतः उभं राहायचं, असं ठरलंच होतं. एक्स-रेवाल्याला त्यांनी लांबूनच सांगितलं, "पट्टी बांधलीय," आणि ते भांडाराकडे गेले. पाच मिनिटांचं काम, एकच्या आत परत, असा त्यांचा हिशेब. भांडारवाला किल्ली खिशात टाकून जेवायला गेला होता. त्याला शोधून आणेपर्यंत एक वाजून गेला. इकडे एक्स-रेवाल्याने घड्याळ बघितलं, पट्टी बघितली, रंग बघितला नाही, आणि आपलं काम सुरू केलं. आणि लॅबवाल्या सुनेने रोजच्यासारखा एकचा नमुना घ्यायला बाटली उचलली.

मामांनी ओरडून, हात हलवून पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या एक्स-रेवाल्याला काम थांबवायला लावलं. दाणा पेटीत गेला, दिवा थांबला. एक्स-रेवाला धावत आला तो हातातलं मोजायचं यंत्र तसंच चालू ठेवून.

"ताई, किती वेळ होतात आत?"

"बाटली भरायला लागतो तेवढा. दोन-अडीच मिनिटं. का हो?"

तो जोडापासून नमुन्याच्या नळापर्यंत पावलं मोजत गेला. मामा मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजत होते. एक, दोन, तीन. आणखी लांब असू दे, ते म्हणत होते, अजून थोडा लांब असू दे तो नळ. सात पावलांवर तो थांबला.

सुनेने एकदा त्या थांबलेल्या दिव्याकडे बघितलं, मग खाली जाळीवर पडलेल्या जांभळ्या भेंडोळ्याकडे. शंभरपैकी शंभर मिळवणारी पोरगी. तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सने तिला खाटेवर बसवलं, नाडी बघितली, तारीख-वेळ लिहून घेतली. मामा दाराशी उभे होते. खुर्चीवर बसायचा त्यांना धीर होत नव्हता.

"चक्कर? मळमळ?" नर्सने विचारलं.

"मळमळ आहे. पण ती..." सून थांबली. मग मान खाली घालून म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मामा बाहेर आले. दाराची स्प्रिंग कधीपासून सैल होती, ते पुरतं मिटायचं नाही. मामांना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"...सात आठवडे झाले. घरी कुणाला सांगितलं नाही अजून. हे बाहेरगावी असतात, रविवारी येणार आहेत ना, त्यांना समोर बसवून सांगायचं होतं आधी." मग अगदी बारीक आवाजात, "सिस्टर, त्याला काही होईल का हो?"

आजोबा होणार ही बातमी माणसाला कशी कळावी याचे काही संकेत असतात. कुणीतरी लाजतं, कुणीतरी हसतं, बायको उगाच स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून जाते. मामांना ती मोडक्या दाराच्या फटीतून कळली, आणि कळताक्षणी ते भिंतीला धरून खाली बसले. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला सांगा, एक क्षणभर काळीज नुसतं सुपाएवढं झालं. आणि त्याच क्षणी त्यांना ती सात पावलं आठवली. सात पावलं, सात आठवडे.

तासाभराने एक्स-रेवाला कागद घेऊन आला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

"मामा, हिशेब केला, ताईंना लागलेलं फार कमी भरतंय. दवाखान्यात चार-पाच फोटो काढले तर जेवढं लागेल तेवढं."

"फार कमी म्हणजे शून्य नाही ना?"

"शून्य नाही."

"आणि पोटात जे आहे, त्याला?"

"सिस्टरांनी सांगितलं, तसं कंपनीच्या डॉक्टरांशी बोललो फोनवर. बहुतेक काहीच होणार नाही म्हणाले. दोन आठवड्यांनी तपासणी करू, ठोके ऐकू, मग पुढचं पुढं."

"बहुतेक" हा शब्द मामांनी आयुष्यात हजारदा वापरला असेल. बहुतेक गाडी उशिरा येईल, बहुतेक उद्या सुट्टी असेल. आज तो त्यांना पुरेना.

सेफ्टीसाहेबांनी दोघांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यापुढे भरायचा फॉर्म होता आणि त्यात कारणाचा रकाना होता.

"लिहितो मी, कामगाराने पट्टी ओलांडली," ते पेन उघडत म्हणाले. "म्हणजे तुमच्यावर काही येत नाही मामा, आणि ताईंनाही फार तर समज मिळेल."

"लिहा साहेब," सून पटकन म्हणाली. "मी लक्ष द्यायला हवं होतं."

"नाही," मामा म्हणाले. "ती लक्ष देऊनच आत गेली. या अख्ख्या कारखान्यात पट्टी वाचणारी ती एकटी आहे. पट्टीवर लिहिलं होतं जपून ये. ते मी लिहिलं होतं. वर जागा सोडून गेलो, ते वेगळंच. तसं लिहा."

"मामा, तेवीस वर्षं झाली तुम्हाला. उद्यापासून पिशवी काढून घेतील."

"घेऊ द्या."

साहेबांनी तसं लिहिलं. मामांना त्यात मोठेपणा वाटला नाही. पिशवी जाणार याचं दुःख करायला आत जागाच नव्हती. सगळी जागा भीतीने अडवली होती.

दोघांना लवकर सोडलं. बसमध्ये सून खिडकीपाशी बसली. मामा शेजारी बसले, ते अंग चोरून, आपला धक्कासुद्धा तिला लागू नये असे. प्रत्येक खड्ड्याला ते ड्रायव्हरच्या पाठीकडे डोळे वटारून बघत होते.

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना मघाशी?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"ऐकलं गं."

"असं नव्हतं सांगायचं मला." तिने काचेवरची धूळ बोटाने पुसली. "मी ठरवून ठेवलं होतं सगळं. आधी यांना, मग तुम्हाला दोघांना एकदम."

"माझी चूक झाली पोरी." मामा म्हणाले. माफ कर असं म्हणावंसं वाटलं, पण माफी कुणाची मागायची, हिची की त्याची, ते कळेना.

दोन थांबे गेल्यावर ती म्हणाली, "घरी एवढंच सांगू. गोड बातमी सांगू. बाकीचं राहू दे. दोन आठवड्यांत कळेलच ना काय ते. आईंचा जीव कशाला टांगणीला लावायचा? आणि रंगाचं तर मुळीच सांगू नका. मीच चुकून आत गेले म्हणेन, वेळ आली तर."

उतरताना मामांनी पुढे होऊन तिला हात दिला.

घरी मामी पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "दोघं एकदम? आणि एवढ्या लवकर? संप झाला की काय?"

सुनेने चपला काढल्या न काढल्या तोच सांगून टाकलं. एका दमात, पाठ केल्यासारखं. मामींच्या हातातली चादर गळून पडली. त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अगं बाई! मला वाटतच होतं. तीन दिवस चहाचा कप लांब सारतेस, तेव्हाच मी मनात म्हटलं! लेकाला कळवलंस? नाही? आधी मला? ये, बस इथं, उभी काय राहिलीस!" तिला पलंगावर बसवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय असे उभे? आजोबा झालात! जरा हसा की. तोंड बघा कसं केलंय."

"भीती वाटतेय मला," मामा म्हणाले.

मामी खळखळून हसल्या. "आजोबा व्हायला कसली हो भीती? बाळंत व्हायचंय ते तिला!"

मामींच्या पाठीमागून सून त्यांच्याकडे बघत होती. तिने हळूच मान हलवली. नको. आज नको. मामांनी ते बघितलं. गप्प बसणं किती सोपं होतं. दोन आठवडे हे घर हसत राहिलं असतं, आणि ही पोरगी एकटी, सासूच्या आनंदाशेजारी झोपून, छताकडे बघत राहिली असती. आत्ताच ती किती ताठ बसली होती. तिला रडायलाही जागा उरली नसती.

त्यांनी कपड्यांचा ढीग बाजूला सारला. "तूही बस जरा."

"बसते हो. आधी लेकाला फोन तरी लावू द्या."

"फोन नंतर. आज एक पट्टी मी चुकीची बांधली."

मामी बसल्या. तेवीस वर्षं त्या पट्ट्यांची गाऱ्हाणी ऐकत आल्या होत्या. असेल काहीतरी कारखान्यातलं, एवढं ऐकून घेतलं की फोन लावता येईल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सुनेचा हात त्यांनी मांडीवर घेतला होता आणि त्या तो थोपटत होत्या. ओठांवरचं हसू अजून तसंच होतं. मामांनी अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पिशवीतलं संपलेलं भेंडोळं सांगितलं, भांडारवाल्याची किल्ली सांगितली, तो कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलापाशी सापडला तेही सांगितलं. नको तेवढं सावकाश सांगितलं, कारण ते हसू जितका वेळ तिथे राहील तितका त्यांना हवा होता.

मग सांगण्यात लाल दिवा आला. सुनेच्या गालांवरून पाणी वाहू लागलं आणि ती ते पुसेना. मामींचा थोपटणारा हात थांबला. थोड्या वेळाने तो सुनेच्या पोटाकडे निघाला, आणि तिथवर न पोचता मध्येच थांबून राहिला.