लव्हॉनच्या दारातला लाल नळ

मित्रांनो, मला पाहून आधी कुत्री थांबतात, मग माणसं. मी एक जुना लोखंडी नळ आहे. घरातला नव्हे; रस्त्याच्या कडेला कंबरेइतका उभा राहून, कुठे आग लागली की बंबाला पाणी देणारा. ओतशाळेत माझा जन्म झाला, अंगाला लाल रंग लागला आणि विस्कॉन्सिनमधल्या या लहानशा शहराच्या मुख्य रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या खानावळीसमोर मला रोवलं. इथे आगी फार थोड्या लागल्या, त्यामुळे कौतुकही थोडंच वाट्याला आलं.

पण खानावळीची मालकीण लव्हॉन कुबियाक मला कधी विसरली नाही. हिवाळ्यात इथे असा बर्फ पडतो की माझ्यासारखा ठेंगू दिसेनासाच होतो. लव्हॉन स्वतःच्या पायरीआधी फावड्याने मला मोकळं करायची. थंडीच्या तोंडावर पाणीखात्याच्या माणसांमागे लागून मला वंगण घालायला लावायची. त्यांनी टाळाटाळ केली की म्हणायची, "आग काय तुमची सवड बघून लागणार आहे?" रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माझा भाऊ उभा होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

यंदा शहराने अख्खा रस्ता उकरायला काढला. त्याच्या पोटातले पाण्याचे नळ शंभरी ओलांडून गंजलेले, गटारं फुटकी. दुसरा इलाजच नव्हता. आम्ही दोघे टोकांना, आमचं पाणी आडव्या रस्त्यांखालच्या नळांतून यायचं; म्हणून काम संपेपर्यंत दुकानांना पाणी द्यायचं ते आम्हा दोघांना रबरी पाइप जोडून, असं ठरलं. मुकादम रॉलीने आधी भावाला पाना लावला. तो जागचा हलेना, गंजून बसला होता बिचारा. मग मला लावला आणि पहिल्याच झटक्यात मी पाणी सोडलं! त्या दिवसापासून सगळा रस्ता माझंच पाणी पिऊ लागला. उन्हात पडलेल्या पाइपातून ते कोमट यायचं, एवढंच.

लव्हॉनचं संकट मात्र निराळं होतं. इथे शुक्रवारी संध्याकाळी पिठात बुडवून तळलेले मासे बाहेर जाऊन खायची रीत आहे. त्या एका संध्याकाळवर तिची खानावळ चाले. आता दारापुढे भला मोठा खंदक! मागच्या गल्लीतून वाट होती, पण ती स्वयंपाकघरातून जाणारी, आणि इथली माणसं पडली भिडस्त. खंदकापर्यंत यायची, हात हलवायची आणि परत जायची. असे दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी माझ्या डोक्यावर हात टेकून ती रॉलीला म्हणाली, "आजही कुणी आलं नाही, तर उद्या दाराला कुलूप." मला फार वाईट वाटलं. पाणी होतं, मासे होते, माणसं तेवढी नव्हती.

म्हणजे होती, पण पलीकडच्या काठावर! मिरवणूक पाहायला बसावं तशी घडीच्या खुर्च्या टाकून खोदकाम पाहत होती. त्यांत लव्हॉनचं जुनं गिऱ्हाईक व्हर्नाही होती.

"लव्हॉन, वास काय सुटलाय गं!"

"नुसता वास काय घेतेस? मागच्या दाराने ये की!"

"छे गं, तुझ्या स्वयंपाकघरातून कशाला? उगीच तुला अडचण!"

"अगं, तू येत नाहीस हीच तर अडचण आहे!"

रॉली खो खो हसला. माझ्या पाण्याने त्याने पोकलेनचं बकेट घासूनपुसून लख्ख केलं आणि म्हणाला, "बाई, ताटं झाकून ठेवा यात. त्या येत नाहीत ना, मग मासेच जातील."

मासे, बटाटे, कोबीची कोशिंबीर, राय धान्याचा काळसर पाव, सगळं डुलत डुलत खंदकापलीकडे गेलं. व्हर्नाने ताट उचललं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या शुक्रवारी लोकांनी सकाळीच खुर्च्या मांडून जागा धरल्या! मी दिवसभर बकेट धुवायला पाणी पुरवत होतो. खानावळ तरली.

काम संपलं. माझ्या जागी नवा चकचकीत नळ उभा राहिला. भाऊ भंगारात गेला. मलाही गाडीत चढवत होते, तेवढ्यात लव्हॉन आडवी आली. "त्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे!" आता मी तिच्या मागच्या दाराशी उभा असतो. माझ्यातून थेंबभरही पाणी येत नाही.

काल बर्फ पडला. लव्हॉनने आधी नव्या नळाभोवतीचा बर्फ काढला. मित्रांनो, तुमच्या दारातलंही असं मुक्याने उभं असलेलं काही असेल, त्याला अधूनमधून हात लावत जा. त्याची गरज कधी पडेल, सांगता येत नाही. मला वाटलं, लव्हॉन आता आत जाईल. पण फावडं घेऊन ती मागे आली आणि मलाही मोकळं केलं.